गाडी तापते हे कळलं, पण कधी तापते ते सांगा

एप्रिल लागला की कुठल्याही गॅरेजात जाऊन उभे रहा, तासाभरात दोन जण तरी येऊन म्हणणार, "गाडी हीट मारतेय, बघा जरा." मग काय, आधी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बदलतात, नाही फरक पडला तर थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग नवीन रेडिएटर, एवढं सगळं होऊन गाडी तापायची ती तापतेच आणि शेवटी कळतं की फॅनचा रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) गेला होता. यात दरवेळी मेकॅनिकलाच शिव्या घालण्यात अर्थ नाही, कारण त्याला आपण सांगितलं काय तर फक्त "तापते". अहो पण कधी तापते? सिग्नलला उभी असताना का घाट चढताना? चालू केल्या केल्या का तासभर चालवल्यावर? पाणी कमी होतं का नाही? एवढं नीट बघून सांगितलं ना, तर निम्मं निदान बॉनेट उघडायच्या आधीच झालेलं असतं. बाकीचा लेख त्याच्यावरच आहे, पण आधी आत चालतं काय ते थोडं बघू, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर वाटेल.

इंजिन तापतंच, तापायलाच पाहिजे. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळ हिशोब असा की एक तृतीयांश गाडी ओढायला लागते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढायचं काम कूलिंग सिस्टीमचं. सिलेंडरच्या आत क्षणभर २००० अंशांच्या वर तापमान जातं आणि शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, हेडचा (सिलेंडरवरच्या झाकणाचा) मिश्रधातू तर त्याच्याही आधी मऊ पडतो, म्हणजे ही सिस्टीम बंद पडली तर काय होईल ते समजा.

पंप कूलंट ढकलतो, ते ब्लॉकमधून (इंजिनाचा मुख्य भाग, ज्यात सिलेंडर असतात) हेडमधे जातं, तिथली उष्णता घेऊन वरच्या होज पाइपने रेडिएटरमधे (वाऱ्याने पाणी गार करणाऱ्या बारीक नळ्यांच्या जाळीत) येतं, गार होऊन खालच्या होजने परत पंपाकडे. या वाटेत दारवान म्हणून थर्मोस्टॅट बसलेला असतो. इंजिन गार असताना तो दार बंद ठेवतो म्हणजे इंजिन लवकर तापून कामाच्या तापमानाला येतं, आणि साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान (गाडीप्रमाणे) उघडायला लागतो. त्याच्यात वीज नाही, सेन्सर नाही, पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं, मेण वितळून फुगलं की दांडी ढकलली जाते आणि झडप उघडते, बस एवढंच. म्हणून तो घरी तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या (नंतर ते पातेलं स्वयंपाकाला वापरू नका, घरचे बोलतील आणि बरोबर बोलतील), थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस बारीक ठेवा. त्याच्या कडेला बहुतेक वेळा ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या आकड्याजवळ आलं की झडपेच्या कडेने आधी केसाएवढी फट दिसते, मग बघता बघता ती करंगळीचं टोक जाईल एवढी होते. पाणी खळखळून उकळतंय आणि झडप तशीच मिटलेली, म्हणजे गेला. आणि गार असतानाच उघडा दिसला तर तोही गेलाच, फक्त उलट्या बाजूने.

आता रेडिएटरची कॅप. हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात आधी संशय घ्यावा असा. कॅप म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं, पण कॅपवर ०.९ बार लिहिलं असेल तर तेवढा दाब आत धरून ठेवल्यावर साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट असेल तर त्याच्याही पुढे. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब धरतच नाही, मग पाणी शंभराच्या आसपासच उकळायला लागतं. त्यात तुम्ही महाबळेश्वरला निघालात तर अजून वाईट, कारण तिथे साडेतेराशे मीटर उंचीवर उघडं पाणी ९५-९६ लाच उकळतं आणि इंजिन तर नव्वदच्या पुढेच काम करत असतं. म्हणजे इंजिनात काही बिघाड नाही, फॅन ठीक, पंप ठीक, आणि तरी गाडी वाफा सोडतेय, फक्त एका कॅपमुळे. काही शे रुपयांची वस्तू आहे. बदलताना मात्र तेवढ्याच बारची घ्या, "जास्त दाबाची टाकू, चांगली" म्हणून १.१ च्या जागी १.५ ची बसवली तर जुने होज आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या फुटतील.

रस्त्यात तापमानाचा काटा चढायला लागला तर काय करायचं ते मधेच सांगून टाकतो. पहिलं एसी बंद. दुसरं, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. मे महिन्यात हीटर लावा म्हटल्यावर माणूस आपल्याकडे वेड्यासारखं बघतो पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता केबिनमधे ओढतो, तुम्हाला घाम फुटेल पण काटा दोन रेघा खाली येतो. ट्रॅफिकमधे अडकला असाल तर न्यूट्रलमधे थोडा रेस द्या, पंप जोरात फिरतो. पण काटा लाल पट्ट्यात गेला असेल, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसली तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद, "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" हा विचार करू नका, हेड वाकायला ढाबा लागत नाही. बंद करून चावी पुन्हा ऑनवर ठेवली तर बऱ्याच गाड्यांत फॅन फिरत राहतो, फिरू द्या. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. आणि कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आतलं पाणी शंभराच्या वर आहे, दाबामुळे गप्प बसलंय, कॅप फिरवली की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. खंबाटकी, कसारा अशा घाटांत असे भाजलेले लोक ड्रायव्हर मंडळींना विचारा, प्रत्येकाला एक तरी माहीत असतो. वरचा होज हाताने दाबून बघा, मऊ आणि कोमट लागला की जाड फडकं धरून कॅप थोडीशीच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात बाटलीभर गार पाणी एकदम ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. गार होऊ द्या, मग इंजिन चालू ठेवून हळूहळू. रस्त्यात कूलंट नसेल तर बिसलेरी चालेल, जीव वाचवायला काहीही चालेल, नंतर गॅरेजात जाऊन ते काढून नीट कूलंट भरा.

आता मूळ मुद्दा, कधी तापते.

उभी असताना किंवा ट्रॅफिकमधे तापते आणि हायवेला लागलं की काटा आपोआप खाली येतो, हे सगळ्यात सोपं प्रकरण. हायवेला समोरून वारं मिळतं, घोडबंदर रोडला रांगेत उभे असताना ते वारं फॅनने द्यायचं असतं. म्हणजे फॅन चालत नाही किंवा मरतमरत चालतोय. एसी लावून बघा, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन सुरू होतो. झाला, तर मोटर आणि फ्यूज ठीक, मग तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. नाही झाला तर आधी फ्यूज, मग रिले. रिले तपासायची सोपी युक्ती म्हणजे फ्यूज बॉक्समधे तसाच, त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा, तो काढून फॅनच्या जागी लावायचा, फॅन फिरला तर रिलेच बाद होता. मोटरला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघतात, ते येत असेल तरच करा. आणि एक, इंजिन बंद असलं तरी फॅन आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे गरम गाडीत पात्यांजवळ बोटं घालू नका. ज्या जुन्या जीपवजा गाड्यांत फॅन पट्ट्यावर फिरतो तिथे मधला व्हिस्कस क्लच (तापल्यावर फॅनला पकडून फिरवणारा भाग) बघायचा, इंजिन तापवून बंद केल्यावर पातं हाताने ढकललं तर जड लागलं पाहिजे, भिंगरीसारखं गरागरा फिरलं तर क्लच संपला.

उलटं प्रकरण असं, शहरात काही त्रास नाही पण घाटात किंवा शंभरच्या स्पीडला अर्धा तास चालवली की काटा चढतो. इथे वाऱ्याची कमी नाही, इथे उष्णता जास्त तयार होतेय आणि पाणी ती तेवढ्या वेगाने वाहून नेत नाहीये. पहिला संशय रेडिएटरवर. आतून क्षार बसतात, आणि ते बसतात कशामुळे तर आपण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकतो म्हणून. ज्या बोअरच्या पाण्याने गिझरचं कॉइल पांढरं होतं तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, वेगळं काय होणार. बाहेरून तपासायचं तर तापमान मोजायची गन मिळते (कपाळाला लावायची ती नाही, ती माणसाच्या तापापुरतीच), गाडी गरम करून रेडिएटरवर जिथे हात पोचेल तिथे फिरवा, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

दुसरी गोष्ट बाहेरची घाण. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो म्हणून लोक सोडून देतात, पण समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर असतो, रेडिएटर त्याच्या मागे. या दोघांच्या मधल्या बोटभर जागेत किडे, धूळ, पिसं, आणि कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे फिरलेली गाडी असेल तर पाचटाचा भुगा, असा सगळा मिळून नमदा तयार होतो. वरून टॉर्च मारून बघा. साफ करताना इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी प्रेशरने पाणी मारायचं, वॉशिंगवाल्याने जोरात मारलं की बारीक पट्ट्या झोपतात आणि मग हवाच जात नाही, म्हणजे सुधारायला गेलो आणि बिघडवून आलो.

तिसरा वॉटर पंप. बेअरिंग गेलं तर आवाज करतो, सील गेलं तर अंगावरच्या छोट्या भोकातून पाझरतो आणि तिथे वाळलेल्या कूलंटचा रंगीत खर दिसतो, पण पाती गंजून झिजलेली असली तर बाहेरून काहीच कळत नाही, पुली मस्त फिरतेय आणि आत पाणी जागचं हलत नाही. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर असतो तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलून टाका, दोनदा मजुरी कशाला. चौथा खालचा होज, जुना होऊन मऊ पडला की जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो, गॅरेजात उभ्या गाडीत तो टुणटुणीत दिसतो, रेस देऊन बघितल्याशिवाय पकडला जात नाही. आणि कधीकधी कूलिंगचा काही संबंधच नसतो, ब्रेक जाम झालेला असतो किंवा क्लच घसरत असतो आणि इंजिन बिचारं दुप्पट ओढत असतं. थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या, एक जास्त भाजत असेल तर समजलं.

घाटात गाडी चालवायची पद्धत पण यात येते. चौथ्या गिअरला इंजिन घुसमटत चढवतात, मायलेज मिळावं म्हणून, पण आरपीएम कमी म्हणजे पंप हळू फिरणार आणि लोड मात्र पूर्ण. एक गिअर खाली घ्या, चढ मोठा असेल तर एसी बंद करा. अकोला-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत तर रेडिएटरचं कामच अवघड होतं, कारण तो चालतो पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ आणि हवा २५ असेल तर फरक ७०, हवा ४५ झाली की फरक ५०, म्हणजे तोच रेडिएटर आधीपेक्षा पाव हिश्श्याहून थोडी जास्तच उष्णता कमी टाकतो. हिवाळ्यात लपलेला बिघाड मे महिन्यात वर येतो तो यामुळे.

चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापली, वरचा होज चटका बसेल एवढा गरम आणि खालचा एकदम गार, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. दोन्ही होज गार आणि काटा वर, तर आत पाणीच कमी आहे किंवा हवा अडकलीय. इथे हीटर लावून बघायचा, इंजिन तापलंय आणि हीटरमधून गार वारा येतोय म्हणजे हीटरपर्यंत पाणी पोचत नाहीये.

काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो हलतच नाही, म्हणजे तुम्हाला उगाच धास्ती नको, आणि हलतो तेव्हा एकदम वर. पुष्कळ छोट्या गाड्यांत तर काटा नाहीच, गार असताना निळा दिवा आणि तापली की लाल, मधलं काही नाही. त्यापेक्षा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र मिळतं, मोबाइलवर कूलंटचा खरा आकडा दिसतो, मी तर म्हणेन जुनी गाडी असेल तर सीट कव्हरच्या आधी ते घ्या. आणि सगळं कूलंट सांडून गेलं तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबतो आणि काटा उलटा खाली येऊ शकतो. लोकांना वाटतं गार झाली. काटा वर गेला, मग अचानक पडला, तर ताबडतोब थांबायचं.

पाणी कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंयच, "थोडं थोडं उडून जातं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सिस्टीम बंद असते. होजच्या क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमचा सांधा, पंप, हे बघा. केबिनमधे गोडसर वास, पुढच्या काचेवर चिकट धुकं, बाजूच्या सीटखालचं कार्पेट ओलं, म्हणजे हीटरचा कोअर गळतोय. हे सांडलेलं कूलंट लगेच पुसा, चव गोड असते आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. गळती सापडत नसेल तर प्रेशर टेस्ट करायला सांगा, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवर लिहिलंय तेवढा दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा पडतो का बघतात.

दाब पडतोय पण बाहेर थेंब नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय, आणि मग संशय हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील). सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोडसर धूर, ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस (थंडीत फक्त जवळजवळ फिरणाऱ्या गाडीत थोडा फेस दमटपणामुळेही येतो, लगेच घाबरू नका, डिपस्टिकवर पण तसंच आहे का बघा), गार इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक, टाकीत सतत बुडबुडे. खात्री करायची तर निळ्या द्रवाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, जळलेला वायू त्यात आला असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ही टेस्ट केल्याशिवाय हेड उघडायला हो म्हणू नका.

जुगाडांबद्दल थोडं. गळतीवर रेडिएटरमधे हळद टाकतात, एम-सील लावतात, रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक आहे पण ती हळद नंतर हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. फॅन "डायरेक्ट" करून देतात, म्हणजे चावी लावली की सतत चालू, मोटर लवकर जाते आणि खरा दोष तसाच राहतो. सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठेय". थर्मोस्टॅट नसला की इंजिन कामाच्या तापमानाला येतच नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइल खराब होतं, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच गोल फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. कूलंट रंग बघून घेणं हाही तसाच प्रकार, हिरवा-लाल-निळा हा कंपनीने टाकलेला रंग, आतली रसायनं वेगळी असतात, दोन न जुळणारे मिसळले तर चिखल होऊ शकतो. मॅन्युअलमधे लिहिलेलं घ्या, घट्ट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं मिसळा.

हेड उतरवलंच तर फक्त गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. हेड लेथवाल्याकडे नेऊन सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक तपासायचा, बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच सूट असते, त्याच्यापुढे फेसिंग मारावं (पृष्ठभाग घासून सपाट करावा) लागतं, आणि तडा आहे का तेही दाबाखाली तपासून घ्यायचं. बोल्ट टॉर्क पान्यानेच, ठरलेल्या क्रमाने, आणि ताणून बसणारे असतील तर नवीन. सगळं बसल्यावर हवा काढायची राहते आणि बहुतेक घाई इथेच होते: गाडीचं नाक थोडं चढावर, हीटर फुल गरम, कॅप उघडी ठेवून गार इंजिन चालू करायचं, बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल तसं भरत राहायचं, थर्मोस्टॅट उघडला की एकदम बरंच पाणी आत जातं, ते भरून कॅप लावायची आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबायचं. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो आधीच थोडा ढिला करून ठेवायचा आणि तिथून बुडबुड्याशिवाय सलग धार आली की आवळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत पातळी बघा, थोडी उतरलेली असेल तर भरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरतच असेल तर गाडी परत त्याच गॅरेजला न्या, आणि या वेळी कधी, किती आणि कुठे असताना हे लिहूनच घेऊन जा.